‘आधी’चा दिवा

मी एक जुना दिवा आहे. तीन पायांवर उभा, मानेत वाकलेला, आणि गेली नऊ वर्षं रागावलेला.

मित्रांनो, मला घडवणाऱ्या कारागिराने माझी मान फिरवून पाहिली आणि म्हणाला, "हा घड्याळजीच्या कामाचा. बारीकसारीक सगळं दाखवील." घड्याळजीकडे गेलो असतो तर चार लोकांची वेळ सुधारली असती. पण मला नेलं एका सौंदर्य केंद्राच्या मालकीणबाईंनी.

तिथे फोटोच्या खोलीत आम्ही दोन दिवे होतो. मी ‘आधी’चा. मला उंचावर, तिरपा लावत, म्हणजे मांडीवरची प्रत्येक खळी सावली धरून बसे. दुसरा ‘नंतर’चा. तो समोरून, पांढऱ्या कापडाआडून उजेड पाडी. त्याच्या उजेडात खडीचा रस्तासुद्धा लोण्यासारखा दिसला असता. उपचाराआधीच्या फोटोला मी, नंतरच्या फोटोला तो. मधे काय झालं, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती. भिंतीवर अशा जोडफोटोंची रांग होती आणि बायका तिच्यासमोर उभ्या राहून स्वतःची मापं काढत. माझी कामगिरी म्हणतात ती हीच.

एकदा पोहायला शिकवणारी एक बाई आली. बरोबर तिची नणंद. तलावाच्या काठावर कुणा मुलाच्या आईने तिला विचारलं होतं, "रोज पोहता, तरी मांड्या अशा कशा?" त्या दिवसापासून ही काठावर पँट घालून उभी राहून शिकवत होती.

"माझ्या वर्गात सात वर्षांची एक मुलगी आहे," ती म्हणाली. "मी पाण्यात असले तरच उतरते. दोन महिने झाले, पायरीवर बसून असते."

"मग उतर ना, वहिनी," नणंद म्हणाली. "मासे काय मांड्या बघायला येणार आहेत?"

तिने ऐकलं नाही. माझ्या उजेडात तिचा फोटो निघाला. तो बघून ती हळूच म्हणाली, "ही मी आहे?" मला सांगावंसं वाटत होतं, नाही बाई, हा मी आहे. पण दिव्याला तोंड नसतं. नुसता जळत राहिलो.

यंत्राने मालिश करायच्या दहा बैठका झाल्या. ‘नंतर’चा फोटो काढायच्या दिवशी नेमका फोटोवाला रजेवर. मालकीणबाईंनी स्वतः कॅमेरा घेतला आणि हाताला लागलं ते बटण दाबलं. पेटलो मी. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर तिळाचाही फरक नाही.

"तुमची कातडी हट्टी आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "आता सुयांनी आतले धागे कापावे लागतील. इथेच करू."

नणंदेला उकडत होतं. पंखा लावायला गेली आणि चुकून आधी माझं, मग त्याचं बटण दाबलं. मी विझलो, तो पेटला. समोरच्या आरशात त्याच मांड्या एकदम गुळगुळीत झाल्या.

"तो आत्ता नको," मालकीणबाई सवयीने म्हणाल्या. "तो सुया झाल्यावर लावायचा."

मग नणंदेने मला लावलं, विझवलं, त्याला लावलं, विझवलं. मांड्या बिचाऱ्या जागच्या जागी होत्या.

यंत्र चालवणाऱ्या मावशी दाराशी होत्या. सात वर्षांचं गिळलेलं त्यांनी बाहेर काढलं. "हा आजार नाही गं. कातडीखालची चरबी वर ढकलते, तिला बांधणारे धागे आत ओढतात, म्हणून टाके घातलेल्या गादीसारख्या खळ्या पडतात. याला सेल्युलाइट म्हणतात. बहुतेक बायकांना असतं, बारीक बायकांनासुद्धा. माझ्या मालिशने, मलमाने चार घटका बरं दिसतं, संपलं. लेझरने, धागे कापून काहींना फरक पडतो, बराच काळ टिकतोही, पण कायमचं काही जात नाही. आणि कापायचं तर ते कातडीच्या डॉक्टरांनी, इथे नाही. करावंसं वाटलं तर कर. अंग तुझं आहे. पण या दिव्याला भिऊन करू नकोस."

"मावशी, उद्यापासून येऊ नका," मालकीणबाई म्हणाल्या.

"येतच नाही. आणि दिवा घेऊन जाते. तसाही यानेच घात केला तुमचा."

पोहणाऱ्या बाईने घड्याळ बघितलं. साडेचारचा वर्ग होता.

आता मी मावशींच्या शिवणयंत्राशेजारी असतो. परवा ती बाई पोहायचा झगा सैल करून घ्यायला आली होती. ती मुलगी गळ्याएवढ्या पाण्यात येते म्हणे, एका हाताने बाईंचं बोट धरून. दुसऱ्या हाताने पाणी उडवते.

तुम्हाला वाटेल, माझा राग गेला असेल. गेलेला नाही. केंद्र चालू आहे. माझ्या जागी नवा दिवा आणलाय, माझ्याहून तिरपा.

मित्रांनो, आत्मवृत्त संपवताना वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मला नाही जपलंत तरी चालेल. पण कुणी तुमचाच फोटो दाखवून तुम्हाला लाजवू लागलं, तर खाली बघू नका. मान वर करा आणि दिवा कुठे लावलाय ते बघा.