फॉइल संपली तेव्हा

ती ओळ तो लिहिणारच नव्हता. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी त्याला हुशार वगैरे समजायला नको.

झालं असं, की किनाऱ्यावर एक डॉल्फिन लागली होती. मादी, मेलेली. सगळ्यात आधी पाहिली ती गलबतने. गलबत म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. होडी एवढीशी, पण स्वतः अंगाने हा एवढा, म्हणून गलबत. आणि हा बाटल्या. प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागला, मग जुनी पुस्तकं चाळून, व्हिडिओ बघून आणि तिथल्या मुख्य मॅडमचं डोकं खाऊन नमुने तपासायला शिकला. काम बदललं, नाव काही बदललं नाही.

काम सांगायला सोपं. मेलेल्या डॉल्फिनच्या अंगात कुठली रसायनं किती साठलीत, ते मोजायचं. डॉल्फिन जन्मभर मासे खाते. माशांच्या पोटात जे जातं ते तिच्या चरबीत येऊन मुक्काम ठोकतं, आणि मग हलायचं नाव घेत नाही. म्हणून चरबीचा तुकडा सगळ्यात मोलाचा. तो आधी ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचा, मग काचेच्या बरणीत. प्लास्टिक लावायचं नाही म्हणजे नाही.

त्या दिवशी वारा सुटला होता, वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं. मॅडमनी चरबीचा पहिला तुकडा स्वतः गुंडाळून राखीव म्हणून ठेवला आणि शेपटीकडे मापं घ्यायला गेल्या. बाटल्याने यकृत गुंडाळलं, मूत्रपिंड गुंडाळलं, आणि तपासायच्या चरबीच्या वेळी फॉइल संपली. नवा रोल टेबलावर, टेबल प्रयोगशाळेत, प्रयोगशाळेला जाऊन-येऊन दीड तास.

त्याच्या जेवणाच्या डब्याला, सांडू नये म्हणून, ते पातळ चिकट प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. डबा नुकताच उघडलेला, प्लास्टिक कोरडं, स्वच्छ. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तेच गुंडाळलं.

नोंदवहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तो कुणीच भरत नाही, कुणीच वाचत नाही. तिथे खरं लिहायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्याने पेनाचं टोपण लावलंसुद्धा. मग काय वाटलं कोण जाणे, परत काढलं आणि मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं, "फॉइल संपली. चरबीला डब्याचं प्लास्टिक." आणि विसरून गेला.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, यंत्राने आकडा दिला. प्लास्टिक मऊ करायला जे रसायन घालतात ते, नेहमीच्या चाळीसपट.

मॅडम बैठकीला गेलेल्या. समोर आकडा आणि हातात फोन. बाटल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या प्रयोगशाळेला माहीत होतं, पण इथे प्रश्न नुसत्या बडबडीचा नव्हता. ज्या खाडीच्या तोंडाशी ती डॉल्फिन मिळाली तिथेच गलबत जाळी टाकायचा. तेच मासे त्याच्या घरी शिजायचे. आणि वहिनी पाच महिन्यांच्या मुलीला अंगावर पाजत होती. डॉल्फिनच्या अंगातलं विष दुधातून पिल्लाला जातं, हे बाटल्यानेच कधीतरी मोठ्या तोऱ्यात गलबतला सांगितलं होतं.

त्याने फोन केला. सगळं सांगितलं. गलबत नुसतं बरं म्हणाला.

त्या घरी पुढे काय झालं ते बाटल्याला दुसऱ्या दिवशी कळलं. मासे बंद. वहिनीने पाजणं बंद केलं. दूध काढायची आणि मोरीत ओतायची, ओतताना रडायची. पोरगी बाटलीला तोंड लावेना, सबंध दिवस आक्रोश. डॉक्टर म्हणाले, असं एका डॉल्फिनवरून अंगावरचं तोडू नका. पण गलबतचा डॉक्टरपेक्षा बाटल्यावर जास्त भरवसा. गलबतची आई फोनवर बाटल्याला एवढंच म्हणाली, की तुझं नाव बरोबर ठेवलंय, तूच ये आणि पाज तिला बाटली.

बैठकीहून परतलेल्या मॅडमनी कागद पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. यकृतात जवळपास काही नाही, मूत्रपिंडात नाही, आणि चरबीत डोंगर? त्यांनी नोंदवही मागवली. बोट ओळींवरून सरकत सरकत शेवटच्या रकान्यात थांबलं. त्यांनी चष्मा वर केला.

"हे डब्याचं म्हणजे कुठलं प्लास्टिक?"

बाटल्याने सांगितलं, आणि सांगता सांगताच त्याला कळलं. ते चिकट प्लास्टिक मऊ असतं ते याच रसायनामुळे, आणि चरबी ते असं ओढून घेते, की जणू तिचंच होतं. हे त्याने वाचलेलं होतं. पाठ होतं. वाचलेलं आणि आपण केलेलं यांची गाठ मात्र डोक्यात पडलीच नव्हती.

मॅडम रागावतील असं त्याला वाटलं. त्या म्हणाल्या, की ही ओळ नसती तर अहवाल वर गेला असता आणि अख्खी खाडी बंद झाली असती. मग म्हणाल्या, की आता राखीव तुकडा काढ, आणि त्या प्लास्टिकचाही एक तुकडा लाव यंत्राला. खाडीतले मासे गेल्याच महिन्यात तपासले होते, तेही कागद त्यांनी पुन्हा काढायला लावले. आणि गलबतला फोन केला हे कळल्यावर मात्र त्या रागावल्या. चांगली पाच मिनिटं.

बाटल्याने गलबतला कळवलं, की बहुतेक माझीच चूक आहे, पक्कं दोन दिवसांत कळेल.

"मग दोन दिवसांनीच बोल," गलबत म्हणाला आणि फोन ठेवला.

ते दोन दिवस बाटल्याने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. धुतलेल्या बाटल्या परत धुतल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकडे आले. प्लास्टिकच्या तुकड्यात ते रसायन भरभरून. राखीव तुकड्यात नाममात्र. पारा होता, जुन्या कीटकनाशकांचा अंशही होता, पण त्या वयाच्या डॉल्फिनमध्ये सापडतो तेवढाच. माशांचे कागदही ठीक होते. मॅडमनी सही केली, त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "जा आता. आणि फोनवर नको, समोर जाऊन सांग."

तो सायकलवरून असा सुटला, की ॲप्रन काढायचाही राहिला.

गलबत दारातच जाळं शिवत बसला होता. बाटल्याने धापा टाकत आकडे सांगितले, प्लास्टिकचं सांगितलं, डब्याचंसुद्धा सांगितलं. आत वहिनी ऐकत होती. ती पोरीला घेऊन उठली. आतल्या खोलीचं दार लोटलं गेलं, आणि जरा वेळाने तीन दिवस चाललेलं ते रडणं मध्येच तुटलं. घर एकदम शांत झालं. म्हातारी उंबऱ्यावर मटकन बसली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "पडला बाई जीव भांड्यात."

बाटल्याही तिथेच खाली बसला.

गलबतने सुई जाळ्यात खोचली. "डब्याचं प्लास्टिक," तो म्हणाला, आणि त्याचं सगळं अंग गदागदा हलायला लागलं. बाटल्याला वाटलं रडतोय. हसत होता. मग हसू थांबलं.

"अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतोस तू. होत जा. पण माझ्या पोरीला त्यात ओढू नकोस."

"नाही ओढणार."

"आणि उद्या खरंच काही वाईट निघालं, तर मला वाईट वाटेल म्हणून गप्पही बसू नकोस."

बाटल्याने ॲप्रनला हात पुसले. दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय एक अक्षर बोलणार नाही, तो म्हणाला, आणि तपासून झाल्यावर एक अक्षर लपवणार नाही. मग पायाशी पडलेलं जाळ्याचं टोक उचलून धरलं, गलबतला शिवायला सोपं जावं म्हणून, आणि पुन्हा म्हणाला, "शब्द दिला."