पडद्यावरचं शून्य

मी एक जुना कंट्रोल व्हॉल्व्ह आहे, मित्रांनो. भंगाराच्या ढिगात उताणा पडलोय. माझं कौतुक करा असं म्हणणार नाही. तेवढं तोंड उरलेलं नाही मला.

मी कागदाच्या कारखान्यात वाफेच्या नळावर होतो. ओला कागद ज्या गरम रुळांवरून वाळत जातो, त्यांना वाफ किती द्यायची ते माझ्या हाती. हवेचा दाब आला की माझा दांडा सरकायचा, वाट उघडायची. दाब गेला की स्प्रिंग वाट मिटवून टाकायची. वीस वर्षं एक ताव करपू दिला नाही. आमचे फिटरमामा रोज दांड्याला तेल लावायचे आणि विचारायचे, "काय रे म्हाताऱ्या, सांधे दुखतात का?" स्वतः साठीला टेकलेले, आणि म्हातारा कोण, तर मी!

मग शेजारच्या नळावर डिजिटल व्हॉल्व्ह आला. त्याच्या अंगावरच चिमुकला संगणक. आपण खरोखर किती उघडलोय हे तो कंट्रोल रूममधल्या पडद्यावर कळवायचा. दांडा जरासा अडखळला तरी लगेच बोंब ठोकायचा. गुणी होता, खोटं कशाला बोलू? मला ते येत नव्हतं. माझ्या नावापुढे पडद्यावर दिसायचा तो फक्त मला दिलेला हुकूम. मी तो पाळला की नाही, हे माझ्यापाशी येऊनच बघावं लागायचं.

पण साहेब मामांना म्हणाले, "आता सगळं पडद्यावर दिसतं. बाटली घेऊन कशाला हिंडता?" मामांची फेरी बंद झाली. दोन वर्षं तेलाचा थेंब नाही. दांडा गंजून जागीच अडकला.

एक दिवस माझ्या पुढचा नळाचा जोड गळू लागला. हाताने फिरवून वाफ अडवायचं चाक केव्हाच गंजून बसलेलं, म्हणून सगळी मदार माझ्यावर. साहेबांनी घाईघाई लावलेली. मामांनी कंट्रोल रूममधल्या ताईंना फोनवर विचारलं, "जुना बंद झाला ना?"

"शून्य दाखवतोय, मामा. खोला बिनधास्त."

बिचारीला डिजिटलची सवय. तिथे शून्य म्हणजे बंद. माझं शून्य म्हणजे नुसतं 'बंद हो' असं सांगितलेलं. मी तर बोटभर उघडाच अडकलो होतो. नका मामा, नका, असं आतल्या आत किती म्हटलं! त्यांनी बोल्ट सैल केला आणि वाफ त्यांच्या दोन्ही हातांवर आली. अरे देवा, ती किंकाळी!

मामा वाचले. पण बोटं मिटत नाहीत आता. मामी त्यांना घास भरवतात, असं मला उचलून आणणारे हमाल बोलत होते. चौकशीच्या कागदावर कारण लिहिलं: व्हॉल्व्ह जुना. तेल कुणी बंद केलं, ते कुठेच नाही.

मित्रांनो, मामांचे हात काही परत येत नाहीत. पण माझ्याच साच्यात ओतलेला माझा जुळा भाऊ अजून मागच्या नळावर आहे. त्यालाही दोन वर्षं कुणी तेल दिलेलं नाही. उद्या त्याच्या पुढचा जोड खोलणार आहेत म्हणे. तुमच्यापैकी कुणाचे वडील, कुणाचे काका तिथे कामाला असतील, तर त्यांना सांगा: पडद्याला विचारू नका, आधी त्याच्या दांड्याकडे बघा. मी इथून कुणाला सांगू?