बादलीभर शेवाळ

शनिवारी माझा भाचा मेतुआ विमानाने रारोटोंगाला गेला आणि हौद माझ्या गळ्यात पडला. रोगानंतर आमच्या बेटावर मोत्याच्या शिंपल्यांच्या अकराच माद्या धड उरल्यात. हौदात त्यांचीच वीस लाख पिल्लं. ही गेली की आमचे मोती संपले.

रविवारी बेटावर कुणी कामाला हात लावत नाही, म्हणून शनिवारीच चारा घालायचा. चारा म्हणजे मोठ्या बाटल्यांत वाढवलेलं शेवाळ. एरवी गणित मेतुआ करतो, मी ओतते. या वेळी मी केलं. हौदात पाणी 2×10⁵ मिली. दर मिलीला पेशी हव्यात 2×10⁴, बाटलीत आहेत 5×10⁶. किती ओतायचं, तो क्ष. भागाकार आला 0.8×10³. आधीचं शून्य बरं दिसेना, म्हणून टिंब पुढे सरकवलं: 8×10³. आठ लिटर, रोजची बादलीच की! मग शंका कशाला येते? ओतली आणि निवांत झोपले.

सकाळी चर्चमध्ये गाताना एकदम आठवलं. जाताना मेतुआने तीनदा बजावलं होतं, "मावशी, हे शेवाळ दसपट दाट आहे." मग बादली तेवढीच कशी? प्रवचनभर मी बोटाने मांडीवर आकडे गिरवत होते. टिंब सरकवलं, पण दहाचा घात एकने उतरवलाच नाही मी मेलीने! क्ष आठशे मिली होता.

उठावं तर सगळं बेट बघणार. रविवारी कपडे धुतले म्हणून वहिनीची चहाडी पाळकांकडे मीच केली होती. पुढच्या गाण्याच्या दोन ओळी तशीच बसले, मग बसवेना. सगळ्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर पळाले. हौदाला कुजका वास मारत होता. पांढऱ्या कपड्यांतच चाळणीवर पिल्लं गाळली, दुपारपर्यंत पाणी बदलत राहिले.

सोमवारी मेतुआचा फोन आला. पाणी तापून पिल्लं मेली म्हणून सांगता आलं असतं. जीभ तिथवर गेलीही होती.

"मी मारली रे," मी म्हणाले. "टिंब सरकवलं, घात नाही उतरवला."

त्याने विचारलं, "उरली किती?"

"चार लाख."

"नीट मोजलंस?"

"तीनदा. पण तू ये आणि मोज. माझ्यावर भरवसा ठेवू नकोस."

"उद्याचं विमान आहे," तो म्हणाला. "आज संध्याकाळचा चारा तुलाच घालायचाय, मावशी. कागद घे."