कुचेरांची नाचाची जमीन

"गाड्या आत घ्या! सगळ्या! बघत काय राहिलात?" वर्ना कुचेरा दारातून ओरडली.

बाहेर भर जूनमध्ये लिंबाएवढ्या गारा आपटत होत्या. वीस-पंचवीस फटफटीवाले डोक्यावर चामडी जाकिटं ओढून बारच्या वळचणीला चिकटून उभे होते. त्यांच्यातला दाढीवाला डोंगर पुढे झाला. त्याला सगळे बिशप म्हणत.

"आत म्हणजे... बारमध्ये, बाई?"

"नाहीतर काय चर्चमध्ये? या दारांतून धान्याचे ट्रक जायचे. तुझी फटफटी नाही जाणार?"

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, डोब्री गावाच्या वेशीवर, हमरस्त्याला लागून, वर्नाच्या सासऱ्याचं हे धान्याचं कोठार. कोठार बंद पडलं तेव्हा वर्नाच्या नवऱ्याने, एमिलने, त्यात बार काढला. लग्नाआधीच्या हिवाळ्यात गुडघ्यांवर बसून त्याने मेपलच्या फळ्या एकेक करून ठोकल्या आणि नाचाची जमीन तयार केली. काही वर्षं दर शनिवारी तिच्यावर जोडीजोडीने पोल्का नाच रंगला. मग तरुण मंडळी शहरांकडे पांगली आणि नाच थांबला. उरले चार शेतकरी. एक बिअर संध्याकाळभर पुरवायची आणि हवामानाला शिव्या घालायच्या, एवढाच त्यांचा उद्योग. बार आज बंद होतो की उद्या, एवढंच बघायचं राहिलं होतं. तरी एमिल दर रविवारी ती जमीन मेण लावून घासायचा. चिखलाच्या बुटांनी तिच्यावर पाय ठेवायची कुणाची छाती नव्हती.

आणि आता त्याच जमिनीवर पाणी ठिबकणाऱ्या फटफट्या दाटीवाटीने उभ्या होत्या.

समोरच्या पोस्टातल्या अ‍ॅग्नेसने लगेच फोन केला. "वर्ना, अगं शुद्धीवर आहेस ना? गुंड आहेत ते गुंड! मी शेरीफला कळवलंय."

"मग काय म्हणाला?"

"गारा थांबल्यावर येतो म्हणाला."

"बघ! त्यांना घाबरत नाही तो, गारांना घाबरतो."

वर्ना हसली खरी, पण तिचे कान एमिलच्या ट्रककडे लागले होते. एमिल पवनचक्क्या दुरुस्त करत गावोगाव हिंडायचा. वर्षाकाठी मूठभर शब्द मिळालेत आणि तेच पुरवायचेत, असं त्याचं बोलणं.

तो आला तेव्हा टोपीवरून पाणी गळत होतं. दारातच थबकला. बारमधली कुजबुज एकदम थांबली. कुठेतरी तेलाचा एक थेंब टपकलेला ऐकू आला.

वर्ना पुढे झाली. "मी घेतलं त्यांना आत. बोलायचं ते मला बोल, एमिल."

 एमिल बूट काढून, ते दाराशी ठेवून मोज्यांनी चालत त्या थेंबाशी गेला.

"ही कुणाची?"

"माझी, साहेब," बिशप म्हणाला.

"तेल गळतंय."

"ऑक्टोबरपासून गळतंय."

"ऑक्टोबरपासून!" एमिलचा आवाज चढला. "आणि तू तशीच हाकतोयस? जनावर असतं तर असं वागवलं असतंस? वर्ना, माझी पेटी आण."

मेणाने चकचकणाऱ्या त्या जमिनीवर तो उताणा झोपला. पवनचक्कीच्या पंपासाठी आणलेल्या चामड्यातून त्याने एक चकती कापून बसवली. बिशप गुडघे टेकून शेजारी कंदील धरून बसला, एखाद्या शाळकरी पोरासारखा. ते काम होईतो आणखी चौघं जण आपापल्या गाडीची दुखणी घेऊन रांगेत उभे राहिले.

वर्नाने होतं नव्हतं ते सगळं सॉसेज तव्यावर टाकलं आणि आंबवलेल्या कोबीची बरणी उघडली. कुणीतरी भिंतीवरचा अकॉर्डियन काढून वाजवायला घेतला. बिशप हात पुढे करून वर्नासमोर उभा राहिला.

"पाय तुडवशील माझे," ती म्हणाली.

"तुडवीन. पण प्रेमाने."

गाड्यांच्या मधून वाट काढत पोल्का सुरू झाला. पाहणी करायला म्हणून छत्री घेऊन आलेली अ‍ॅग्नेस तिसऱ्या गाण्याला छत्री टेकवून नाचात उतरली. शेरीफ आला, तो जेवून गेला.

सकाळी वर्ना घासणी घेऊन काळ्या डागांवर बसली, तर एमिल म्हणाला, "राहू दे." मग म्हणाला, "या जमिनीवर कितीतरी दिवसांनी माणसं नाचली."

पुढच्या जूनमध्ये ते परत आले, दुप्पट होऊन. मग दरवर्षीच, जूनच्या एका ठरल्या शनिवारी. पाद्रीबाबांनी त्यांच्यावर प्रवचन झोडलं, ते ऐकायला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बिशपच बसला होता. अ‍ॅग्नेसने तर त्यांच्यातल्याच एकाशी लग्न केलं. बार बंद होण्याची गोष्ट कुणी काढेना. दाढ्या पिकल्या. कुणाचा गुडघा बदलला, कुणी तीन चाकांवर आलं. एमिल त्या सगळ्यांत उताणा पडून काम करत राहिला. स्वतः मात्र एकदाही फटफटीवर बसला नाही.

एका फेब्रुवारीत तो झोपेतच गेला. रस्त्यांवर बर्फ होतं, फटफटीवाल्यांना पोचता आलं नाही.

जूनचा तो शनिवार उजाडला. वर्ना दारात उभी होती. ओढ्याच्या पुलापासूनच त्यांचा गडगडाट सुरू व्हायचा. आज काहीच नाही. दुपार चढली. 'एमिल नाही, तर कशाला येतील?' ती स्वतःशी म्हणाली.

तेवढ्यात चढावाच्या माथ्यावर एक फटफटी दिसली. मग दुसरी. मग रांगच. सगळ्यांनी माथ्यावरच इंजिनं बंद केली होती. उतारावरून फक्त चाकांची सळसळ करत ते आले आणि टोप्या काढून उभे राहिले.

"एमिलसाठी," बिशप हळूच म्हणाला.

 वर्ना कमरेवर हात ठेवून रस्त्यात आली.

"अरे गाढवांनो! मला वाटलं तुम्ही आलाच नाहीत. माझा जीव टांगणीला! आणि तो वर टेकडीवर निजलाय, त्याला कसं कळायचं तुम्ही आलात ते? सुरू करा! सगळ्या!"

बिशपने लाथ मारली. गाडी खोकली आणि मेली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्या लाथेला ती उठली, आणि मग सगळ्याच एकदम गरजल्या. खिडक्या थरथरल्या. टेकडीवरच्या दफनभूमीतल्या झाडांवरून पाखरांचा थवा उडाला.

गाड्या थांबल्या. पाखरं एकेक करून परत बसेपर्यंत वर्ना तिकडेच बघत होती.

"चला," ती म्हणाली, "जेवण निवतंय."