चोपन्न क्लिपा

"त्या मेकॅनिकनेच सेन्सर पुसताना वाट लावली. चांगला झाड त्याला," असं दादाने पढवून पाठवलं होतं. म्हणून ती कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात शिरली तीच बाह्या सरसावून. चित्रात मधोमध जांभळी उभी रेघ उमटत होती. चार दिवसांवर शाळेच्या शतकपूर्तीचा कार्यक्रम, भावाबहिणीच्या स्टुडिओला मिळालेलं पहिलं मोठं काम, आणि कॅमेरा एकच.

मेकॅनिक उलट बोलणाऱ्यांतला नव्हता. गिऱ्हाईक दमेपर्यंत चष्मा पुसायचा, ही त्याची रीत. "झालं ताई? आता कॅमेऱ्याचंही ऐकू."

त्याने लेन्स बदलली. रेघ तिथेच. झाकण लावलं, पडदा काळा, रेघ टवटवीत. "लेन्स सुटली निर्दोष." मेनूतली पिक्सेल दुरुस्ती चालवली. बारीक पांढरे ठिपके गेले, रेघेने जागा सोडली नाही. मग लेन्स काढून त्याने सेन्सरवर भिंग धरलं. "हे बघा, जळकं टिंब. लेझरचा झोत सरळ आत गेलाय. माझ्या हातून ओरखडा पडेल एक वेळ, जळणार कसं?"

"लेझरवाले कार्यक्रम आम्ही घेतच नाही. दादाचा नियम आहे."

"शेवटचं काम कधी केलंत?"

तिने वही काढली. कामावरून आलं की शेवटच्या क्लिपचा नंबर लिहायचा, ही शिस्तही दादाचीच. शेवटची नोंद चारशे बारा. त्यानंतर ती आठवडाभर तापाने अंथरुणात होती. मेकॅनिकने दोन सेकंद चित्रण केलं. नंबर पडला चारशे सदुसष्ट.

"कार्ड पुसलं तरी कॅमेरा आपला आकडा विसरत नाही," मेकॅनिक हळूच म्हणाला, आणि पुन्हा चष्मा पुसू लागला.

ती स्टुडिओत परतली तेव्हा दादा वायरी गुंडाळत होता. "काय, झापलंस?"

"झापलं."

"वा रे वाघीण! भरपाई देतोय ना?"

तिने वही उघडून समोर ठेवली, शेजारी कॅमेरा चालू करून. दादाने दोन्ही नंबर वाचले. वायर हातात तशीच राहिली.

"समोरच्या स्टुडिओवाल्याचा कॅमेरा ऐन वेळी बंद पडला होता," तो म्हणाला. "एका संध्याकाळचा नाचगाण्याचा कार्यक्रम, म्हणून आपला दिला. तुला विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"बघ!" जणू चोरी तिचीच पकडली गेली होती.

तापात तिच्या उशाशी बसून हाच म्हणाला होता, 'कॅमेरा कपाटात आहे, तू निवांत झोप.' आणि ती झोपलीही होती.

"सेन्सर जळला तो जळला. शाळेसाठी भाड्याचा कॅमेरा आणीन. पण मला त्या माणसाशी भांडायला का पाठवलंस?"

दादाने वायरीची गाठ सोडवायला घेतली. वायरीला गाठ नव्हती.

वहीत आजवर दोनच रकाने होते, तारीख आणि नंबर. तिने पट्टी धरून तिसरा आखला: कोणी. चारशे तेरा ते चारशे सहासष्ट असं लिहून तिने पेन त्याच्यापुढे केलं.

"अगं, आपल्या दोघांत हे कशाला?"

"कालपर्यंत नव्हतंच लागत." तिने कपाटाची किल्ली खुंटीवरून काढून पर्समध्ये टाकली. "तू लिही. तोवर मी मेकॅनिकची माफी मागून येते. माझी आणि तुझीही."