वेंडेलच्या डाव्या हातातला मी

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. चामड्याचा, अंगाने दांडगा आणि मनाने अगदी भित्रा. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यासमोर उकिडवा बसून जो झेल घेतो, त्या कॅचरच्या डाव्या हातासाठी मला शिवले गेले.

मिसिसिपीतल्या वेंडेल टार्पलीने मला घरी आणले तेव्हा मी लाकडासारखा कडक होतो. त्याने मला तेल चोळले, पोटात चेंडू ठेवून दोरीने बांधले आणि महिनाभर गादीखाली घालून वर तो झोपला. मग चार वर्षे आम्ही कॉलेजच्या संघात खेळलो. लोक आमचे कौतुक करत आणि मी हुरळून जाई.

एके दिवशी चेंडू बॅटला चाटून थेट त्याच्या तोंडावरच्या जाळीदार मुखवट्यावर आदळला. माझ्या आतली त्याची बोटे ढिली पडली. माझी तर पाचावर धारण बसली. पंच पुढे आले आणि स्वच्छ असलेलीच होम प्लेट, म्हणजे फलंदाजाजवळची जमिनीतली पांढरी पाटी, ब्रशने सावकाश झाडू लागले. कॅचरला दम खाता यावा म्हणून पंच असे करतात.

"पोरा, अजून किती झाडू? कंबर मोडली माझी," ते हळूच म्हणाले.

"झालं साहेब. ठणठणीत आहे मी."

कसला ठणठणीत! पुढच्याच वेळी त्याने फेकणाऱ्याला बोटांनी खूण करून वळणारा चेंडू मागितला आणि स्वतःच ते विसरून मला भलतीकडे धरले. पुढे असे सहा-सात मार बसले. दरवेळी त्याचे तेच उत्तर, कारण बाकावर दुसरा कॅचर टपून बसलेला असे. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

कॉलेज संपले. मोठ्या संघांनी त्याला विचारले नाही. वेंडेल नळाच्या सामानाच्या दुकानात लागला, त्याचे लग्न झाले आणि मी गॅरेजमधल्या खिळ्यावर धूळ खात लटकलो. उंदरांनी माझ्या वाद्या कुरतडल्या. कुणीतरी माझ्यात हात घालावा एवढेच मी मागत होतो.

त्याची मुलगी लॉरेल अकरा वर्षांची झाली, खेळू लागली, आणि त्याने मला खाली काढले. अंगणात तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"डॅडी, उद्या बस किती वाजता, हे तू तिसऱ्यांदा विचारतोयस."

"म्हातारा झालो गं. टाक चेंडू, बडबड पुरे!"

तिने टाकला. मला उचलायला त्याला उशीर झाला आणि चेंडू त्याच्या खांद्यावर बसला. ती धावत आली.

"लागलं नाही गं," तो म्हणाला.

"खोटं नको बोलूस. मम्मी न्हाणीत रडते. मला भीती वाटते, डॅडी."

त्याने मला हातातून काढून खाली ठेवले. "मलाही वाटते. तुला आणायला निघतो, आणि कुठे निघालोय तेच आठवत नाही."

त्या आठवड्यात नवराबायको डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर काय म्हणाले ते मला खिळ्यावर कसे कळणार?

मित्रांनो, जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला जपा. मला खुशाल उंदरांना द्या. पण डोक्याला लागले तर तिथल्या तिथे सांगा, संघातली जागा गेली तरी चालेल.

काल वेंडेल गॅरेजमध्ये आला. त्याने मला काढून उलटसुलट पाहिले, माझ्यात डावा हात घातला. बोटे अगदी जागच्या जागी बसली. मग त्याने दारातल्या मुलीला विचारले, "लॉरेल, हा मोजा कुणाचा गं?"