चांदणीची झूल

आंजीत कोणालाही सल्ला विचारा, तो आपल्या घरात जे निकामी पडून आहे तेच सुचवतो. सत्तर वर्षांत बबनरावांना हे पाठ झालं होतं. तरीही त्या कार्तिकात घोडीच्या पांघरुणासाठी त्यांनी चौघांना विचारलं.

घोडी म्हणजे चांदणी. पांढरी, चोवीस वर्षांची. वर्धा स्टेशनवर टांगा ओढणारी त्यांची शेवटची. ऑटोरिक्षांनी सवाऱ्या पळवल्या तेव्हा बबनराव तिला घेऊन गावी परतले, त्याला बारा वर्षं झाली. स्टेशनच्या लिंबाखाली उभं राहून वाढलेल्या घोडीला गोठा मानवला नाही. आत बांधलं की ती भिंतीला लाथा घालायची. म्हणून ती अंगणातच असायची. गेल्या हिवाळ्यात दवानं भिजून तिनं महिनाभर खोकला काढला होता. गुरांच्या डॉक्टरांनी या वेळी आधीच बजावलं होतं, की वरून ओल लागता कामा नये आणि आत घाम कोंडता कामा नये. आणखी एक हिवाळा तसाच गेला तर तिची हमी नाही.

शेजारच्या प्रभाकररावांनी घोंगडी दिली. ती पहाटेपर्यंत दव पिऊन इतकी जड झाली, की चांदणी गुडघ्यात वाकली. मुलानं, मुकेशनं, सोयाबीनच्या ढिगावरची ताडपत्री आणली. तिच्या खालून घोडी घामानं निथळत निघाली, शिवाय तिच्या फडफडाटानं दावं तोडायला निघाली. एकानं तर लग्नाच्या वरातीतली मखमली झूल आणून दिली, कलाबतू लावलेली. ती घातल्यावर चांदणीनं बबनरावांकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यांनी मुकाट्यानं ती काढून घेतली.

शेवटी ते प्रमिलाबाईंकडे गेले. अर्ध्या गावाच्या बैलांच्या पोळ्याच्या झुली ही बाई शिवायची. तिनं सल्ला दिला नाही. आधी अंगणात येऊन घोडीभोवती फेरी मारली, छातीपासून शेपटीपर्यंत सुतळीनं माप घेतलं आणि दोरीत गाठी मारल्या. आत लोकरीचं अस्तर चालेल, म्हणाली, पण वरून जाड कॅनव्हास पाहिजे, जुना, मेण मुरलेला, आणि असा आता बाजारात मिळत नाही.

जे पडून आहे ते सुचवायचा गावाचा रिवाज त्या दिवशी बबनरावांनी एकट्यानं मोडला. कारण माळ्यावर, जुन्या रजईत गुंडाळलेला, टांग्याचा कॅनव्हासचा टप होता. घोडे तीन बदलले, चाकं बदलली, टांगा सरपणात गेला. टप तेवढा राहिला होता. दर उन्हाळ्यात ते माळ्यावर चढून त्याला मेण चोळायचे आणि उंदीर बघायला गेलतो म्हणून सांगायचे. बायकोला, देवकाबाईंना, हे उंदीर बारा वर्षांपासून माहीत होते.

प्रमिलाबाई गेल्यावर नवऱ्याचा चेहरा बघून देवकाबाई म्हणाल्या, "माळ्यावर हाय तो कॅनव्हास."

"तो नाई कापाचा."

"काऊन?"

देवकाबाई सुपातले हरभरे निवडत राहिल्या. लग्न करून त्या स्टेशनवर उतरल्या त्या दिवशी अवकाळी पाऊस होता, आणि घरापर्यंतच्या वाटेत टांगा हाकताना नवऱ्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. फक्त टप दोनदा पुढे ओढून घेतला होता. स्वतः चिंब भिजून.

"त्या टपाखाली मी कोरडी आली," त्या सुपातून नजर न काढता म्हणाल्या. "आता तिले राहू द्या कोरडी."

बबनराव उठले. मग शिडी लावली. या वेळी उंदरांचं नाव निघालं नाही.

आठ दिवसांनी झूल आली. छाती बरोबर, शेपटीकडची बाजू बरोबर. पण खांद्यावर, मानेच्या मुळाशी, कापड फुगवून शिवलं होतं. प्रमिलाबाईंनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं बैलांच्या झुली शिवलेले हात. त्यांनी न विचारता घोडीलाही वशिंडासाठी जागा ठेवली होती.

"तुमच्या घोडीले बैल करून ठेवलं मी," त्या म्हणाल्या. "आणा, उसवून देतो."

बबनरावांनी झूल अंगावर टाकून पाहिली आणि उसवू दिली नाही. चांदणीच्या खांद्यावर, जिथं आठ-नऊ वर्षं टांग्याचा साज घासला होता, तिथं अजून केस उगवत नव्हते. घोंगडी तिथंच काचायची, ताडपत्री तिथंच चिकटायची. हा फुगा नेमका त्या जागेवरून अधांतरी राहिला. घोडीनं कातडी थरथरवली नाही. प्रमिलाबाईंनी पुन्हा एकदा वाकून पाहिलं आणि आपण हे मुद्दामच केलं असावं अशा चेहऱ्यानं घरी गेल्या.

मागे, चांदणीच्या पुठ्ठ्यावर, टपावरची पांढरी अक्षरं जशीच्या तशी आली होती: टांगा नं. ४७. मुकेश म्हणाला, बाबा, हिला पुन्हा परवाना मिळाला.

पौषातल्या एका सकाळी दव इतकं होतं, की अंगणातल्या लिंबाची पानं ठिबकत होती. कॅनव्हासवर थेंब सुटे उभे होते, कुठं मुरले नव्हते. बबनरावांनी फुग्याखालून हात घातला आणि तिथंच राहू दिला. आत उबदार होतं.

देवकाबाई चहा घेऊन आल्या. "कोरडी हाय?"

"हाय."

त्यांनी कप बबनरावांच्या हातात दिला, आणि टांग्यात सरकून बसावं तशा घोडीच्या आडोशाला, वारा न लागणाऱ्या बाजूला, उभ्या राहिल्या. बबनरावांनी चहा प्यायला. या वेळी मात्र त्यांनी वळून पाहिलं.